काका, एक पॅन फोर्टी

"सकाळी सात ते साडेनऊ माझ्याकडे जो येतो ना, त्याला लक्षणं सांगायला वेळ नसतो," काका म्हणाले. "एक पाय पायरीवर, एक डोळा घड्याळावर. 'काका, एक पॅन फोर्टी.' मी कात्री घेतो, स्ट्रिपमधली एक गोळी कापून देतो, तो तिथल्या तिथे कोरडीच गिळतो आणि लोकलकडे पळतो. रात्री परतताना लांबूनच हात करतो, बरं वाटलं म्हणून. आता यात माझा गुन्हा दाखव."

"गुन्हा आहेच. ती गोळी शेड्यूल एचमधली आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पण ते राहू दे," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही कापून दिलेल्या तुकड्यावर ना नाव उरतं ना तारीख. माझ्याकडे पेशंट खिशातून तो चंदेरी तुकडा काढतो आणि म्हणतो, ही घेतो कधी कधी. खोदून विचारलं की कळतं, 'कधी कधी' म्हणजे दोन वर्षं, रोज."

काका म्हणजे डोंबिवली पूर्वेतले औषधविक्रेते. आजोबा वैद्य, वडील कंपाउंडर, स्वतः बी. फार्म. त्यामुळे दुकानाच्या एका फडताळात सूतशेखर, कामदुधा आणि अविपत्तिकर चूर्ण, तर दुसऱ्यात पॅन फोर्टी, म्हणजे आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल, आणि त्याचे भाऊबंद. डॉक्टर समोरच्याच इमारतीत वाढलेली, पोटविकारांची तज्ज्ञ, ठाण्यात प्रॅक्टिस करते. रविवारी आईकडे आली की दुकानात डोकावते आणि दोघांची जुंपते. विषय ठरलेला. जठराच्या आतल्या अस्तराला येणारी सूज, म्हणजे गॅस्ट्रायटिस किंवा जठरदाह, ओळखायची कशी आणि ओळखायची कोणी? मी दोघांचा शेजारी. नावं गाळून तो वाद इथे देतोय. मधे मधे माझी लुडबूड आहे, ती वगळून वाचलंत तरी चालेल.

"त्या पळणाऱ्या माणसाला झालं काय होतं?" डॉक्टरने विचारलं.

"पित्त."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पाचला उठतो, चहा-बिस्किट पोटात ढकलतो, लोकलला लटकतो. डबा उघडतो दुपारी दीडला. तोवर तीन कटिंग. रात्री घरी यायला दहा, जेवला की साडेदहाला आडवा. याला पित्त होणार नाही तर कोणाला होणार? त्याच्या घशात नळी घालायची मला गरज नाही, त्याचं टाइमटेबल मला पाठ आहे."

हे टाइमटेबल या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही पाठ असतं. पण डॉक्टरला त्यात दुसराच आजार दिसत होता.

"तुम्ही सांगताय ते बहुधा जठराचं नाहीच. जेवून लगेच आडवं झालं की छातीच्या मधल्या हाडामागे जळतं, जळजळ वर घशाकडे सरकते, तोंडात आंबट पाणी येतं. ते आम्ल अन्ननलिकेत उलटं चढल्यामुळे. त्याच्या जठराचं अस्तर धडधाकटही असेल. त्याला जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं, पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच हवी."

"दोन-तीन तास? म्हणजे रात्री एकला झोपायचं आणि पाचला उठायचं?"

डॉक्टर गप्प बसली. सल्ला माणसाच्या दिवसाला लावून बघायचा, हा गुण काकांचा. आरोग्याचे बरेचसे सल्ले सहाला घरी पोचणाऱ्या माणसाला धरून दिलेले असतात. गेल्या काही वर्षांत तर महाराष्ट्रात किती वेळा जेवायचं यावर दोन पंथच झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं पण वरचेवर खा. अंबरनाथहून चर्चगेटला जाणाऱ्याला दोन्ही जमत नाही. त्याला गर्दीत हात वर करून पाण्याची बाटली उघडता आली तरी पुष्कळ.

"बरं, मग तुझा तो जठरदाह ओळखायचा कसा, ते सांग."

"आधी हात कुठे जातो ते बघायचं. छातीचं मधलं हाड संपतं तिथपासून बेंबीपर्यंतचा भाग. तिथे पंजा ठेवून माणूस सांगतो, इथे जळतंय, कुरतडतंय, दगड ठेवल्यासारखं जड वाटतंय. मळमळ असते. चार घास खाल्ले की पोट भरतं, तडस लागते. ढेकरा येतात, भूक मरते, कधी उलटी होते. खाल्ल्यावर कोणाचं वाढतं, कोणाचं कमी होतं. तोच हात उजव्या बरगडीखाली गेला, आणि तळकट खाल्ल्यावर कळ उठून पाठीकडे, उजव्या खांद्याकडे गेली, तर पित्ताशयातले खडे आठवायचे. दारू पिणारा माणूस पुढे वाकून बसतो आणि कळ आरपार पाठीत जाते म्हणतो, तर स्वादुपिंड. दुखणं बेंबीच्या खाली आणि संडासला जाऊन आल्यावर बरं वाटत असेल, तर मोठं आतडं."

"म्हणजे हात वरच्या पोटावर असला की जठरदाह. एवढं मलाही जमेल."

"तिथेच गोची आहे. एकाला दुर्बीण घालून बघावं तर अस्तर लालभडक सुजलेलं, आणि तो म्हणतो मला काही होत नाही, सुनेने जबरदस्तीने आणलं. दुसरा तळमळत येतो, आत बघावं तर अस्तर गुलाबी, गुळगुळीत. याला आम्ही फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतो. जठराची हालचाल आणि तिथल्या नसांची संवेदना बिनसलेली असते. दुखणं खरं असतं, सूज नसते. किती जळतंय यावरून आत किती बिघडलंय ते कळत नाही. पक्कं निदान अस्तराचा कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच होतं."

काका याचीच वाट बघत होते. "म्हणजे लक्षणांवरून तुलाही कळत नाही! मग मी गोळी दिली तर बिघडलं कुठे?"

"एका गोळीने काही बिघडत नाही. तुम्ही विचारत नाही, तिथे बिघडतं."

"काय विचारायचं?"

"दुखण्याची गोळी कोणती चालू आहे?"

मला सुरुवातीला हा प्रश्न विषयाला सोडून वाटला. पण डॉक्टरने पुढे जे सांगितलं ते जवळजवळ प्रत्येक मराठी घराला लागू आहे, म्हणून सविस्तर देतो.

"आपल्याकडे घरात एक तरी बाई अशी असते, जिचं महिन्यातून दोन-चारदा 'पित्ताने डोकं उठतं'. अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. शेवटी उलटी होते, पिवळं पाणी पडतं आणि झोप लागते. घरात निदान पक्कं, पित्त. पुष्कळदा ती अर्धशिशी असते. मायग्रेनमध्ये मळमळ आणि उलटी बऱ्याचदा होते, जठराचा त्यात दोष नसतो. पण बाई काय करते? उठल्या उठल्या, उपाशीपोटी, डोक्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेते. जठर रोज एवढं आम्ल तयार करतं, तरी स्वतःला पचवून टाकत नाही, कारण अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट. तो थर टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं लागतात. या गोळ्यांचं कामच प्रोस्टाग्लँडिन कमी करणं. दुखणं थांबतं त्यानेच, आणि थर विरतो तोही त्यानेच. गिलावा गेलेल्या भिंतीत ओल शिरणारच. म्हणजे नसलेल्या पित्तावर उपचार सुरू होतो आणि दोन-चार वर्षांनी जठरदाह खरंच होतो."

"मी सांगतो प्रत्येकाला, जेवणानंतर घ्या."

"चांगलं करता, पण तेवढ्याने भागत नाही. गोळी रक्तातून फिरून अस्तरापर्यंत पोचते. हेच औषध इंजेक्शनने घेतलं तरी जठराला जखम होऊ शकते. साध्या डोकेदुखीला पॅरासिटॅमॉल जठराला पुष्कळ सौम्य."

"आणि हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात ते?"

"ती आपल्या मनाने बंद करायची नाही, कधीच नाही. पण तिच्यामुळेही अस्तराला इजा होते, म्हणून पोट बिघडलं की देणाऱ्या डॉक्टरला सांगायचं. संरक्षणाला पँटोप्राझोल जोडायचं की नाही ते तो ठरवेल. तुमची पॅन फोर्टी जिथे खरोखर लागते, ती जागा ही."

काकांनी मोर्चा वळवला. "आणि तिखट? रविवारी ठाण्याला जाऊन मामलेदारची मिसळ झोडतात, आणि सोमवारी माझ्याकडे रांग."

ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ठाण्यातली ही मिसळ तहसील कचेरीच्या शेजारची म्हणून मामलेदार. पहिल्या चमच्याला माणूस बोलायचा थांबतो, तिसऱ्याला नाक पुसायला लागतो. तिच्यावर पोटदुखीचा आळ न घेतलेला ठाणेकर मला भेटलेला नाही.

"मिसळीने जळतं, आणि आधीच सूज असेल तर जास्त जळतं. ज्याला त्रास होतो त्याने खाऊ नये," डॉक्टर म्हणाली. "पण मिरचीने जठरदाह किंवा अल्सर होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. मिसळीला फाशी दिली की माणसाला वाटतं पथ्य झालं. मग तो दूध-भात खातो, वर डायक्लोफेनॅक घेतो आणि रात्री दोन पेग मारतो. दारू थेट अस्तर भाजते, तिचं नाव मात्र पथ्याच्या यादीत शेवटी येतं."

"बरं, गोळ्या झाल्या, दारू झाली. अजून कोण?"

"एक जंतू."

हा किस्सा काकांना माहीत होता, पण त्यांनी तो पुन्हा ऐकला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला सुजलेल्या जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं तेव्हा सगळे मानत. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने ते वाढवायचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेतल्या प्लेटा दोन दिवसांत काही उगवलं नाही की फेकून देत. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही प्लेटा तशाच राहिल्या आणि जंतू दिसला. त्याला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. तरी कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल जंतूंचं द्रावण स्वतः प्यायला. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. दुर्बिणीतून पाहिलं तर जठराचं अस्तर सुजलेलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या शोधाआधी जगभर अल्सरचं खापर काळजी आणि तिखटावर फुटत होतं. आपल्याकडे अजून फुटतं.

"म्हणजे आता अख्ख्या डोंबिवलीची टेस्ट करू या?" काका.

"मुळीच नको. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू सापडतो. लहानपणीच, घरातल्यांकडून, दूषित पाण्यातून, दाटीवाटीत येतो. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण ज्याला अल्सर आहे, ज्याचा त्रास हटत नाही, ज्याच्या घरात जठराचा कॅन्सर झालेला आहे, त्याची टेस्ट करायलाच हवी. श्वासाची होते, शौचाची होते, दुर्बिणीतून तुकडा घेऊन होते. आणि इथे तुमची कात्री आडवी येते. पँटोप्राझोल चालू असेल तर जंतू दबून राहतो आणि टेस्ट खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवून मगच टेस्ट. सापडला तर चौदा दिवसांचा कोर्स, त्यात दोन-तीन अँटिबायोटिक. बरं वाटलं म्हणून सहाव्या दिवशी सोडला की जंतू निर्ढावतो."

काकांना अँटिबायोटिकचं नाव काढलेलं आवडलं नाही. "माझे वडील पांढऱ्या गुलाबी पातळ औषधाच्या बाटल्या विकायचे. पित्तावर तेवढंच होतं. मग रॅनिटिडिन आलं, लोक त्याचे गोडवे गायला लागले. २०२२ मध्ये सरकारने अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते काढलं. आता पँटोप्राझोल, उद्या तेही वाईट ठरेल. आजोबांचं फडताळ मात्र जिथल्या तिथे आहे. माधवनिदानात अम्लपित्ताची लक्षणं दिलीत : अन्न न पचणं, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छातीत आणि घशात आग, तोंडाला चव नसणं. तू आत्ता पाऊण तास घेतलास, त्यांनी एका श्लोकात आटपलं."

"यादी उत्तम आहे," डॉक्टर म्हणाली, आणि मला वाटतं मनापासून म्हणाली. "तुमच्या त्या यादीत माझे दोन-तीन आजार एकत्र आहेत, एवढंच."

"आणि काश्यपसंहिता सांगते, हा रोग आनूप देशात, म्हणजे पाणथळ, दमट मुलखात जास्त. औषधाने शमला नाही तर देश बदलावा. आपण बसलोय उल्हास नदीच्या खाडीकाठी. बदलायचा तर कुठे जायचं, नाशिकला?"

"देश रोज बदलतातच की. सकाळी डोंबिवली, दिवसा नरिमन पॉइंट. मोरावळा घ्या, कोकमाचं सार घ्या, माझं काही म्हणणं नाही. थंड दूध मात्र थोडा वेळच गार वाटतं. त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने नंतर आम्ल वाढतं. आणि फसफसणाऱ्या पुडीत सोडियम असतं, रक्तदाबवाल्यांनी ती रोज घेऊ नये."

"बरं, तुझी पॅन फोर्टी सोडली की दुप्पट जळतं, लोक सांगतात. म्हणजे गरज आहे म्हणूनच ना?"

"महिनोन् महिने आम्ल दाबून ठेवलं की गोळी बंद केल्यावर ते काही दिवस उसळतं. त्यात गरज सिद्ध होत नाही. हळूहळू कमी करत सोडायची. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी पडू शकतं, मॅग्नेशियम घटू शकतं. कारण असेल तर वर्षानुवर्षंही देतो आम्ही. पण कारण लिहिलेलं असतं."

एवढ्यात साठीच्या पुढच्या एक काकू आल्या. गुडघ्याची गोळी, दोन स्ट्रिपा, आणि 'सोबत ती पित्ताची'. काकांनी सवयीने हात वर केला आणि डॉक्टरकडे बघून तो तिथेच थांबवला.

"काकू, गुडघ्याची गोळी किती दिवस घेताय?" डॉक्टरने विचारलं.

"दिवस कसले, पावसाळ्याआधीपासून."

"पोटात दुखतं?"

"दुखत नाही हो. जरा मळमळतं."

"जेवण?"

"अर्ध्या पोळीत भरतं पोट. वयच झालं आता."

"दम लागतो?"

"स्टेशनचा जिना चढताना मधे थांबावं लागतं. रक्त कमी आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्यात."

"संडासचा रंग कसा असतो?"

काकांनी मान वळवून बिलबुकात घातली. काकूही क्षणभर गोंधळल्या. हा प्रश्न औषधाच्या दुकानात कोणी विचारत नाही, दवाखान्यातही पुष्कळदा राहून जातो.

"काळी होते. पण लोहाच्या गोळ्यांनी होते ना?"

"होते. ती काळपट-हिरवट, पण घट्ट असते. तुमची चिकट आहे का? डांबरासारखी? वास नेहमीपेक्षा उग्र?"

"चिकट म्हणजे? दोन बादल्या ओतते तरी भांड्याला राहतेच. वासाने मला स्वतःलाच नको होतं."

डॉक्टरने त्यांची खालची पापणी ओढून बघितली, नाडी बघितली आणि मुलाचा नंबर मागितला. जठरात रक्त गळलं की ते पचत पचत आतड्यातून खाली जाताना काळं होतं. साधारण ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप रक्त गळलं तरी शौच डांबरासारखं होऊ शकतं. रक्त साठून वर आलं तर उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी दिसते. आणि वयस्कर माणसांत दुखण्याच्या गोळ्यांनी झालेली जखम अनेकदा अजिबात दुखत नाही. दुखणं मारणारं औषधच पोटात असतं. काकूंना त्या संध्याकाळी रुग्णालयात दाखल केलं, जठरात व्रण निघाले, रक्त चढवावं लागलं. त्या आता बऱ्या आहेत, गुडघे दुखतातच.

"त्यांच्याकडे चिठ्ठी होती," त्या दिवशी काकू दुकानातून गेल्यावर काका म्हणाले. "हाडांच्या डॉक्टरांची. मी काही मनाने देत नव्हतो."

"किती दिवसांची?"

"पाच."

"आणि तारीख?"

तारीख मे महिन्यातली होती. हे आपल्याकडे सर्रास चालतं, चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासारखी जपून ठेवायची. डॉक्टर पाच दिवसांचं लिहितो आणि पुढे बोलत नाही, दुकानदार तारीख बघत नाही, घरच्यांना वाटतं आई औषध वेळेवर घेते.

पण काकांनाही हार मानायची नव्हती, आणि त्यांनी जे काढलं ते डॉक्टरला निमूट ऐकावं लागलं. मागे एकदा एक रिक्षावाला दुपारी सोडा मागायला आला होता. वरच्या पोटात आग होतेय, गॅस झालाय म्हणाला. काकांनी बघितलं, पंख्याखालीही माणूस घामाने निथळतोय, चेहरा राखेसारखा. त्यांनी सोडा दिला नाही. त्याला त्याच्याच रिक्षात मागे बसवलं, दुसऱ्याला चालवायला लावली आणि ईसीजी काढून घेतला. हार्ट अटॅक होता. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडलं की पुष्कळदा पोटातच जळतं, मळमळतं. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत छातीची कळ नसतेही.

"तुझ्याकडे आलेला माणूस बरा होतो, कबूल," काका म्हणाले. "पण तो लोकलकडे पळणारा तुझ्याकडे येतच नाही. तुझं क्लिनिक सकाळी दहाला उघडतं आणि रात्री साडेआठला बंद होतं. दहाला तो भायखळ्याला असतो, साडेआठला दादरच्या पुलावर. सुट्टी घेतली तर पगार कापतात. माझं दुकान सकाळी सातला उघडं, रात्री अकराला उघडं. तू म्हणतेस डॉक्टरला दाखवा. डॉक्टर कोणत्या लोकलला भेटतो?"

"प्रत्येकाने यावं असं मी म्हणतच नाही," डॉक्टर म्हणाली. "दोन दिवस जळलं, कारण माहीत आहे, पथ्याने थांबलं, तर नका येऊ. पण दोन आठवडे झाले आणि थांबत नाही, तर यायचं. पन्नाशी ओलांडल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला, वजन उतरतंय, घास अडकतोय, उलट्या थांबत नाहीत, रक्त कमी आहे आणि कारण सापडत नाही, तर गोळी न देता पाठवायचं. दुर्बिणीला लोक उगाच घाबरतात. सहा-आठ तास उपास, घशात बधिर करायचा फवारा, आत दहा मिनिटं. ढवळतं, पण दुखत नाही."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना तुम्ही विचारा. मी ठाण्यात बसून विचारू शकत नाही."

काकांनी गोळी कापणं सोडलेलं नाही. विचारायला मात्र लागलेत : दुखण्याची कोणती चालू आहे, ही किती दिवस घेताय, संडास काळी होते का. शेवटचा प्रश्न ते बायकांना विचारत नाहीत, त्यासाठी काउंटरवरच्या मुलीला शिकवलंय. दुसऱ्या आठवड्यात तोच माणूस पुन्हा आला तर स्ट्रिप देत नाहीत, म्हणजे द्यायची नाही असं त्यांनी ठरवलंय. डॉक्टरला हे पुरेसं वाटत नाही, तिच्या मते पहिली गोळीही चिठ्ठीशिवाय जायला नको. मला विचाराल तर कायद्याने ती बरोबर आहे, आणि सकाळी साडेसातला डोंबिवली स्टेशनबाहेर काका बरोबर आहेत. संध्याकाळी उशिरा चालणारे दवाखाने वाढत नाहीत तोवर आपल्या पोटाचा पहिला प्रश्न औषधाच्या दुकानातच विचारला जाणार. तो नीट विचारला जावा, एवढं तर मागता येईल.

तेव्हा तुमच्या दुकानदाराने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा, कोणती दुखण्याची गोळी घेताय आणि कधीपासून. आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं, उलटीत कॉफीचा चोथा दिसला किंवा पोटातल्या जळजळीबरोबर दरदरून घाम फुटला, तर दुकानाची पायरी चढू नका. डोंबिवलीत शास्त्रीनगरला आणि कल्याणात रुक्मिणीबाईला महापालिकेची रुग्णालयं आहेत, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. स्वतः जाण्यासारखं नसेल तर १०८ लावा. ती रुग्णवाहिका महाराष्ट्रात कोणालाही मोफत मिळते.